पाशाला घेऊन जा, उस्ता

—उंदीर? माझ्या घरात उंदीर? तोंड सांभाळून बोल हं, उस्ता शहाता, असशील मोठा सुतार! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून इथे एक झुरळ मुक्कामाला राहिलं नाही, उंदीर कुठला घेऊन बसलास! नीट बघ ना तो खुर्चीचा पाय. उंदीर कुरतडतो तेव्हा भुसा पाडतो, दातेरे काढून ठेवतो. आणि हे बघ — कसं तिरकं, साफ, पटाशी फिरवल्यासारखं. तुमच्या दमिएत्ताच्या बाजारातल्या अर्ध्या कारागिरांना जमायचं नाही असं. खालचा सिंहाचा पंजा गेला, त्याच्यावरचं पान गेलं, सोन्याचा वर्ख तर गेलाच गेला — पचला कसा, अल्लालाच ठाऊक. — हसू नकोस. सरस काढ, लांबी काढ, जे काय काढायचं ते काढ. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर माणसं यायची आहेत माझ्याकडे. कोण म्हणजे? माणसं. पाहुणे. तू पायाशी मतलब ठेव. आणि दार उघडंच राहू दे, मी बाईमाणूस घरात एकटी, समोरची बाई दाराच्या फटीला डोळा लावून बसलेली असते — पण उंबऱ्यात ती फळी आडवी लावलीय ना, ती मात्र हलवायची नाही. ओलांडून ये-जा कर. का म्हणजे काय? तो बाहेर जाईल म्हणून.

तो म्हणजे ससा. झालं समाधान? ससा आहे घरात. गच्चीवर नाही, घरात. मला माहीत आहे ससे कुठे ठेवतात ते — गच्चीवर, पिंजऱ्यात, शुक्रवारच्या जेवणापर्यंत. माझ्या आईच्या गच्चीवरही होते, मीच पाला टाकायची आणि मीच मिटक्या मारत खायची. पण हा घरात असतो. त्याचं नाव पाशा. आता नाव ऐकून तोंड कशाला वाकडं करतोस, एकदा बघशील तर तूही उठून उभा राहशील. ऐटच तशी आहे. दुपारी तिथे त्या गालिच्यावर मधोमध पसरतो, मागचे पाय लांब करून, आणि मी झाडू घेऊन आले तर माझ्याकडे असं बघतो की मीच त्याच्या घरी कामाला आहे. सरकत नाही हं! मीच त्याला वळसा घालून झाडते.

काय काय खाल्लं विचारतोस? काय नाही खाल्लं ते विचार. पडद्याचे गोंडे — सगळे, एकाच उंचीपर्यंत, जणू दोरी धरून कापलेत. माझी डावी चप्पल. उजवीला हात, म्हणजे तोंड, लावलं नाही, डावीच. सोफ्याच्या खालचं कापड फाडून आत शिरून बसला होता एकदा, मी सगळं घर पालथं घातलं, रडले, गच्चीवर जाऊन आले, आणि मग सोफाच शिंकला. मुलानं, वाएलनं, कुवेतहून पाठवलेला चार्जर — नवा कोरा, खोक्यातून काढून नुसता टेबलावर ठेवला होता. आता तू म्हणशील मारायचं दोन रट्टे. सशाला मारून काही कळत नाही, उस्ता. ओरडूनही कळत नाही. मी आधी ओरडायची, तर तो मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटायचा — खालच्या मजल्यावरून विचारायला आले, सुतारकाम काढलंय का म्हणून! — आणि रुसून कोपऱ्यात पाठ करून बसायचा. पाठ करून! माझ्याकडे! मग मीच काकडी घेऊन मनवायला. आता मी नुसती एक टाळी वाजवते. एक टाळी, बस्स. थांबतो, कान उभे करतो, विचार करतो... आणि मग दुसऱ्या बाजूनं कुरतडतो. पण थांबतो तरी.

त्याचा दोष नाही रे त्यात. दात वाढतच राहतात त्याचे, आपल्या नखांसारखे. झिजवले नाहीत तर तोंड मिटता येणार नाही त्याला, उपाशी मरेल. हे मला जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं — हो, नेलं होतं डॉक्टरकडे, टोपलीत घालून, वर शाल पांघरून. रिक्षावाल्याला सांगितलं कबुतरं आहेत. डॉक्टर म्हणाला, बाई, याचं छोटंसं ऑपरेशन करून टाका, निम्मा खोडकरपणा जाईल, शांत होईल. मी म्हटलं, शांत पुरुष घरात ठेवून मी काय करू? एक ठेवला होता आयुष्यभर. — चहा घे. साखर हलवून घे, तळाशी आहे. — मग डॉक्टरनंच शिकवलं मला, लाकूड नको असेल खायला तर लाकूडच द्या. पेरूच्या काटक्या, तुतीच्या काटक्या, सफरचंदाच्या मिळाल्या तर उत्तम, आणि वाळवलेलं बरसीम गवत सदानकदा समोर हवं, ढीगभर. जर्दाळूची काटकी मात्र नाही हं, पीचचीही नाही, पोटाला बाधते. ही वायर बघितलीस? बागेत पाणी घालायची नळी असते ना, ती उभी चिरली आणि त्यात सगळ्या वायरी घालून टाकल्या. मीच केलं. वाएल म्हणाला, आई, तू इंजिनिअर कधी झालीस? खुर्च्यांच्या पायांना मी आधी मिरचीचं तिखट लावून पाहिलं. त्याला काही झालं नाही, मी विसरून तोच हात डोळ्याला लावला. आंधळी होऊन बसले तासभर, आणि तो शेजारी येऊन माझा परकर चघळतोय.

आला कुठून? तू लांबी भर ना, कान इकडे आणि हात तिकडे, पुरता वाकडा करशील तो पंजा. — आला कुठून म्हणजे भेट म्हणून आला. वर चौथ्या मजल्यावर फिक्री मास्तर राहतात ना, भूगोलाचे, आता निवृत्त — त्यांना ओळखतोस? सगळं दमिएत्ता ओळखतं म्हणा, निम्म्या गावाला त्यांनी नाईलचे फाटे पाठ करायला लावलेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची बहीण कफ्र सादला असते, सनिया, शेतीवाडी आहे, गच्चीवर ससे पाळते. तर उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस मास्तर दारात उभे — हातात खजुरीच्या काड्यांचा पिंजरा, आत हा, एवढासा, एका डोळ्याभोवती काळं, एक कान फाटलेला. म्हणाले, उम्म वाएल — वाएलची आई म्हणूनच हाक मारायचे तेव्हा — मी आजारी होतो तेव्हा तुम्ही सूप पाठवत होतात, त्याची परतफेड म्हणून नव्हे, बहिणीनं आठवणीनं पाठवलाय. आता दारात जिवंत ससा आला म्हणजे त्याचा अर्थ काय, हे तुला सांगायला नको, मला सांगायला नको, शेंबड्या पोराला सांगायला नको. मुलूखिया. सशाच्या रश्श्यात शिजवलेली मुलूखियाची हिरवीगार पालेभाजी, वरून लसूण-धण्याची फोडणी, आणि एक वाडगा वर चौथ्या मजल्यावर जायचा. रीतच आहे ती. मी म्हटलं, तुमचे हात सलामत राहोत, मास्तर, उद्याच करते.

पण तो होता शुक्रवार, कोंबडीवाल्याचं दुकान बंद, कापून कोण देणार? म्हटलं, राहील रात्रभर न्हाणीघरात. सकाळी दार उघडलं तर साबण खाल्लेला, बादलीची कडी खाल्लेली, आणि हा नळाखाली बसून मिशा साफ करतोय. मी खाली बसले त्याला पिंजऱ्यात घालायला, तर माझ्या पायावर येऊन बसला. पायाच्या पंजावर. असा, गरम गरम. आणि झोपला. आता झोपलेल्या माणसाला उठवून... म्हणजे, माणसाला म्हणतेय मी, बघ. मी तशीच बसले, पायाला मुंग्या आल्या तरी. किती वर्षांनी कोणीतरी माझ्याजवळ येऊन निर्धास्त झोपलं होतं, उस्ता. — ते जाऊ दे. तो वर्ख नीट लाव, सुरकुती दिसतेय मला इथून.

मग काय, वाडगा तर वर जायलाच हवा! मास्तर वास घेत बसले असणार. तशीच पिशवी घेतली, बाजारात गेले, कापलेला, साफ केलेला एक ससा घेतला, कुठल्या पोल्ट्रीतला कोण जाणे, घरी आणून शिजवला. फोडणी घालताना श्वास आत ओढून 'हाऽऽ' करायचं असतं ना, नाहीतर मुलूखियाला चव येत नाही म्हणतात — मी तो श्वास ओढला आणि बघते तर हा स्वयंपाकघराच्या दारात बसून माझ्याकडे टक लावून बघतोय. माझा श्वास वरच राहिला. तो वाडगा गेला वर, आणि मास्तर त्याच संध्याकाळी रिकामं भांडं — रिकामं कसं, त्यात अंजिरं — घेऊन खाली आले. म्हणाले, उम्म वाएल, ही चव पोल्ट्रीतल्या सशाला कधी येणार नाही. याला कफ्र सादची माती म्हणतात. मी भूगोल शिकवलाय, मी जिभेवर माती ओळखतो. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, हो ना! देवाघरी गेल्यावर उत्तर द्यावं लागेल मला त्या 'हो ना'चं.

तेव्हापासून हा लपून राहतोय. मास्तरांपासून. बाकीच्यांना मी सांगते की वाएलच्या मुलांनी हट्ट केला म्हणून आणलाय — वाएलची मुलं कुवेतला आहेत, ससा इथे आहे, पण कोणी विचारत नाही. मास्तरांना मात्र कळता कामा नये. आणि मास्तर तर उठल्यासुटल्या खाली! कारण भांडं रिकामं परत जात नाही ना आपल्याकडे. त्यांनी अंजिरं दिली म्हणून मी चीज दिलं, मी चीज दिलं म्हणून त्यांनी मिशब्बिक आणलं गरम गरम, पाकात निथळणारं, मी मग भात-दूध, ते मग मासे. ही एकच ताटली, उस्ता, निळ्या काठाची — दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून दुसऱ्यावर, जिना झिजला असेल तिच्या येण्याजाण्यानं. अलीकडे तर मास्तर काहीतरीच पाठवतात. परवा गाजरं. पाल्यासकट! त्याआधी कोथिंबिरीची एवढी मोठी जुडी, त्याआधी पेरू — तोही फांदीसकट. मी म्हटलं, भूगोलाच्या माणसाला स्वयंपाकातलं काय कळणार. — का रे, असा काय बघतोस? काय? छे! त्यांना कसं माहीत असणार? एकदाही बघितलेला नाही त्यांनी. एकदाच जरा गडबड झाली होती, पण ती मी बेमालूम निभावली.

झालं असं की वाएल मोबाइलवर बोलत होता माझ्याशी, कुवेतहून, त्याचं तोंड दिसत होतं, 'आई, तू औषध घेतेस ना' म्हणत होता — आणि ठप्प. तोंड उघडंच राहिलं त्याचं. इंटरनेटची वायर! तेव्हा नळीची युक्ती सुचली नव्हती मला. तिकडे त्याला काय वाटलं तर आईच आडवी झाली. त्यानं फोन लावला मास्तरांना, आणि मास्तर धावत खाली, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, एका पायात मोजा, दार बडवतायत — 'उम्म वाएल! इनायात!' इनायात म्हणाले. माझं नाव घेऊन मला कोणी शेवटचं कधी हाक मारली होती, आठवत नाही. माझे यजमान, हाजी, मला 'ए' म्हणायचे. तर मी घाबरले, पाशाला उचललं आणि घातलं मोठ्या तांब्याच्या पातेल्यात, झाकण तिरकं ठेवलं श्वास घ्यायला, आणि दार उघडलं. मास्तर येऊन बसले स्वयंपाकघरात, स्टुलावर, धाप लागलेली, पाणी दिलं. आणि झाकण लागलं खडखडायला. मास्तर म्हणाले, काय शिजतंय? मी म्हटलं, वाटाणे. म्हणाले, वाटाणे उड्या मारतायत. मी म्हटलं, आच जास्त झालीय. — पातेलं जमिनीवर होतं, उस्ता! जमिनीवर, चुलीपासून चार हात लांब! मास्तरांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, अल्ला बरकत देवो. आणि शांतपणे चहा पिऊन गेले. म्हातारपणी नजर अधू होते माणसाची, दुसरं काय. — आता तू का खोकतोयस? लाकडाची धूळ गेली का नाकात? खिडकी उघड.

हा पाय पहिल्यासारखा होईल ना पण? खरं सांग. कारण हा साधा सेट नाही. हाजी मितवल्लीच्या हातचा आहे, माझ्या नवऱ्याच्या. तू लहान असशील, पण नाव ऐकलं असशील, कोरीवकामात त्यांचा हात धरणारा नव्हता कोणी. लग्नाआधी स्वतः कोरला त्यांनी माझ्यासाठी. म्हणजे लोक म्हणायचे, माझ्यासाठी. कैरोपर्यंतची माणसं बघायला यायची. दोन मोठे सोफे, चार खुर्च्या, वर गुलाब, खाली सिंहाचे पंजे, आणि सगळ्यावर प्लास्टिक. कायमचं. त्याच्यावर बसायचे पाहुणे, तेही ज्यांचा मान मोठा असे ते, प्लास्टिकसकट, उन्हाळ्यात उठताना चर्र आवाज यायचा. आम्ही बसायचो आतल्या खोलीत चटईवर. वाएल एकदा लहानपणी चढला होता वर बिस्कीट घेऊन, तर त्याला अशी थप्पड बसली की आजही तो दिवाणखान्यात आला की उभाच राहतो. आणि मी? मी या खुर्चीवर पहिल्यांदा बसले ते हाजी गेले त्या दिवशी. बायका आल्या होत्या भेटायला, कोणीतरी मला धरून आणून बसवलं. मी रडत होते, खोटं नाही, रडत होते — आणि मनात आलं, अगं बाई, किती मऊ आहे ही. लाज वाटली मला. पण आलं मनात.

वाईट नव्हते ते. मारायचे नाहीत, उपाशी ठेवलं नाही. लाकडाशी बोलायचे, माझ्याशी नाही, एवढंच. मला काय आवडतं, काय नावडतं, ते गिळून टाकायला शिकले. घरात मांजर हवं होतं, म्हणाले लाकडाला नख्या मारेल. बरं म्हटलं. कबुतरं हवी होती — घाण करतील. बरं. असं बरं-बरं म्हणता म्हणता केस पांढरे झाले. आणि हा आला आणि थेट त्याच खुर्चीवर उडी मारून बसला. आणि पहिला घास घेतला तो त्याच पायाचा. मी टाळी वाजवायला हात वर केला आणि वाजवलीच नाही, उस्ता. खरं सांगते. चांगला वेळभर बघत राहिले. किर्र किर्र, किर्र किर्र. हाजी मला माफ करोत, इतकं बरं वाटलं मला.

केस? केसांचं काय? मेंदी लावलीय. का, बायका लावत नाहीत मेंदी? नेहमीच लावते. म्हणजे सणाला लावते. — हा झगा नवा नाही, वाएलनं दिला होता, पडून होता. — हसलास ना? बघितलं मी, मान खाली घालून हसलास. बरं, ऐक आता, नाहीतर तू बाजारात जाऊन काहीतरी भलतंच सांगशील. मास्तर येतायत. असर झाल्यावर. बहिणीला घेऊन, सनियाला. आणि बहिणीला घेऊन बाईच्या घरी पुरुष कशाला येतो, दिवाणखान्यात बसायला, मिठाईचं खोकं घेऊन, ते तुला कळतं. वाएलशी फोनवर बोलणं झालंय त्यांचं. वाएल म्हणाला, आई, मास्तरांनी मला भूगोलात नापास केलं होतं, पण माणूस सरळ आहे. आता या वयात हे काय, असं तोंडावर कोणी म्हणेलही. पण ते मला इनायात म्हणतात. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतात आणि मी काय म्हणते ते ऐकतात, पूर्ण, शेवटपर्यंत. मला हे हवंय, उस्ता. सांगून टाकते झालं.

म्हणून तर पाशाला जायला हवं. अरे, त्या सनियानं स्वतः वाढवलंय त्याला! त्याच्या आईच्या मागे कोंबडी लागली होती तेव्हा हाच मध्ये सापडला आणि कान फाटला, हे मास्तरांनीच सांगितलं मला — मुलूखिया खाल्ल्यानंतर, हळहळत, की बिचाऱ्याचा कान असा फाटला होता. ती बाई दारातून आत पाऊल टाकताच ओळखेल. मग काय? बाजारातला ससा खायला घातला, मातीची चव म्हणून होकार भरला, इतके दिवस तोंडावर खोटं बोलले. लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसांपुढे! आणि नंतर तरी कुठे लपवणार? ते खाली राहायला येणार. जन्मभर पातेल्यात ठेवू? म्हणून मी कालच मनाशी ठरवलं, उस्ता शहाताला बोलावायचं, पाय दुरुस्त करून घ्यायचा आणि पाशाला त्याच्याबरोबर पाठवायचं. तू चांगला माणूस आहेस, तुझ्याकडे अंगण आहे, मुलं आहेत. ती बघ टोपली, दाराशी. सगळं भरून ठेवलंय.

ये बाळा, ये पाशा, इकडे. — घे हा. असा नाही, कान धरून नाही! मागून हात घाल, पाय आधाराला धर, नाहीतर पाठ मोडते त्यांची. हां. आता ऐक. वाळकं बरसीम त्या पिशवीत आहे, संपलं की पुलाजवळच्या चारावाल्याकडे मिळतं, ओलं देऊ नकोस फार, पोट फुगतं. काटक्या मी कापून जुडी बांधलीय. पुठ्ठ्याचं खोकं हवं, दोन दारांचं, एकीकडून शिरून दुसरीकडून निघता आलं पाहिजे. गालिच्याचा तुकडा दिलाय, त्यावर त्याला खणू दे, रोज, नाहीतर तुझी गादी खणेल. वायरी दिसू द्यायच्या नाहीत. मुलांना सांग, कुशीत घट्ट धरायचं नाही, आपण खाली बसायचं, तो आपणहून येतो. संध्याकाळी दिवे लागले की घरभर गोल गोल पळतो आणि हवेत उडी मारून अंग पिळतो, तेव्हा घाबरू नका, ते आनंदानं असतं. आणि रुसला तर काकडी, सालासकट. आणि त्याला पायावर झोपायची सवय आहे, तर कोणीतरी... कोणीतरी बसत जा रे संध्याकाळी जरा वेळ, पाय मोकळे सोडून. पाय हलवायचा नाही. मुंग्या आल्या तरी.

काय म्हणालास?

नाही, काय म्हणालास ते पुन्हा म्हण. बायकोचा हात... फोडणीला... शुक्रवारी...

ठेव. खाली ठेव टोपली. ठेव म्हणते ना!

नाही, मी रागावले नाही. मला बसू दे जरा. या खुर्चीवरच बसते, सरस ओला असेल तर असू दे. तुझी काय चूक? एवढा वेळ मी पेरूच्या काटक्या आणि काकड्या सांगत बसले आणि तुला ऐकू आलं ते हेच, की उम्म वाएलनं ससा दिला. दारात जिवंत ससा आला म्हणजे काय ते मीच सांगितलं की तुला. तू एक वाडगाही पाठवला असतास मला, माणूस रीतीचा आहेस. आणि मी काय केलं असतं? तोही गिळला असता? बरं म्हटलं असतं?

दे त्याला माझ्याकडे. पायाशी सोड. — बघ, आला लगेच पायावर झोपायला. याला काय ठाऊक, टोपलीतून कुठे निघाला होता ते. भीती वाटतेय मला, उस्ता. तो माणूस जिना उतरून पुन्हा वर गेला, आणि ताटली परत आलीच नाही, तर मी काय करणार, मला माहीत नाही. पण परत एकदा आवडतं ते गिळून दिवाणखाना चकाचक ठेवून बसायचं, हे आता नाही जमायचं माझ्यानं. एकदा करून झालं. मास्तर आले की मी सांगणार, सनियासमोरच सांगणार, हा बघा तुमचा ससा, मी खोटं बोलले, आणि हा इथेच राहणार. मग बसायचं तर बसा, जायचं तर जा.

ऐकलंस? — 'या सातिर, या सातिर' — मास्तरच, जिन्यातून ओरडत येतायत, बाईमाणसानं डोकं झाकून घ्यावं म्हणून. असर व्हायची आहे अजून! लवकर आले. बहिणीचा आवाज पण येतोय. — उचल, उचल तुझं सामान. पाय राहू दे तसाच. नाही, वर्ख नको, अर्धा राहिला तर राहिला, दिसू दे. स्वयंपाकघरातून नाही, समोरूनच जा, लपायला तू काय चोर आहेस? ती फळी काढ उंबऱ्यातली, माणसं अडखळतील. आणि त्यांना म्हणावं आत या, इनायात दिवाणखान्यात बसलीय, तिला उठता येत नाही, पायावर कोणीतरी झोपलंय. जा आता. जा म्हणते ना.